कडा, कोपरे आणि हँडलची वाटी : मशीन पॉलिशचा अवघड भाग

मागच्या भागात आपण बोनेट, छत आणि दारांचा सपाट भाग मशीनने कसा पॉलिश करायचा ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला. सपाट भाग जमतो, पण कडेजवळ आलं की हात थांबतो, तिथे काय करायचं? आजचा भाग पूर्णपणे त्यावर आहे.

आधी एक सांगतो, तुमचा हात थांबतो ते अगदी बरोबर आहे. तो थांबलाच पाहिजे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'एज केस' हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा वापरतो. नेहमीच्या वापरात प्रोग्राम व्यवस्थित चालतो, फुटतो तो कडेच्या, क्वचित येणाऱ्या परिस्थितीत. गाडीच्या रंगात हा शब्द शब्दशः खरा आहे. मशीन पॉलिश करताना रंग जळाल्याचे जे प्रकार दिसतात, त्यातले बहुतेक कडेवरचे असतात. आणि इथे अन-डू नाही. उडालेला रंग परत आणायचा एकच मार्ग, पेंटिंग बूथ.

तर हे का होतं, ते आधी नीट समजून घेऊ. कारण कळलं की अर्ध्या गोष्टी मी न सांगताही तुम्हाला सुचतील.

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर धरून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो. त्यात सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण पॉलिश करतो तो फक्त हा शेवटचा थर, आणि तो असतो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर अख्खा क्लिअर कोट एका केसाएवढाही जाड नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारी रसायनंही याच थरात असतात. पॉलिश म्हणजे हा थर वरून थोडासा झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करणं. चमक आपण वरून आणून लावत नाही, रंग कमी करून ती मिळवतो. हे मी प्रत्येक भागात सांगतो, कंटाळलात तरी सांगणार.

आता कडेची भानगड. पहिलं कारण म्हणजे तिथे मुळातच रंग कमी असतो. ओला रंग हा शेवटी द्रवच. पृष्ठताणामुळे तो धारदार कडेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना मागे सरकतो. भट्टीत वाळेपर्यंत कडेच्या नेमक्या टोकावरचा थर बाजूच्या सपाट भागापेक्षा पातळ झालेला असतो. शिवाय बोनेटची कड, दाराची कड, चाकावरची कमान, इथेच वर्षानुवर्षं फडकं जास्त घासलं जातं.

दुसरं कारण दाबाचं. शाळेतलं सूत्र आहे, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पाच इंची पॅड, म्हणजे १२५ मिलिमीटर. तो सपाट टेकला तर क्षेत्रफळ साधारण १२,३०० चौरस मिलिमीटर. तोच पॅड कडेवर टेकवला आणि ५ मिलिमीटर रुंदीची पट्टीच स्पर्श करत असेल, तर ते उरतं सव्वासहाशेच्या आसपास. हाताचा जोर तेवढाच, पण दाब जवळजवळ वीसपट. फोम दबतो, कडेभोवती वळतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा इतका वाईट नसतो. तरी अंदाज येतो ना? तुम्ही काहीच जास्त करत नसता आणि कड मात्र कितीतरी पटीने जास्त खात असते.

तिसरं कारण उष्णता. सपाट पत्र्यावर तयार झालेली उष्णता चारही बाजूंना पसरते. कडेवर एका बाजूला पत्राच संपतो, जायला जागा कमी. आणि बंपरचा तर विषयच वेगळा, तिथे पत्राच नाही. बंपर असतात पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे. पोलादाच्या तुलनेत हे प्लास्टिक उष्णता दोनशे पटीहून कमी वाहून नेतं. म्हणजे तुम्ही घासलं की उष्णता तिथेच बसते, रंगाच्या थरात. दारावर जो वेग आणि जितका वेळ चालून जातो, तोच बंपरच्या कोपऱ्यावर रंग मऊ करून ओढून टाकू शकतो.

तीन कारणं एकाच जागी येतात: थर पातळ, दाब जास्त, उष्णता अडकलेली. आता पुढचं सगळं या तिघांना सांभाळण्याबद्दल आहे.

सुरुवात मशीनने करायची नाही, टेपने करायची. मास्किंग टेप, कमी चिकट, पाऊण ते एक इंच रुंद. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी खाकी पॅकिंग टेप अजिबात नको, तिचा चिकटा रंगावर राहतो. बोनेटची कड, दारावरून जाणारी ती धारदार घडी, जिला गॅरेजवाले नुसतं 'लाइन' म्हणतात, चाकाची कमान, खिडकीचं बिडिंग रबर, काळं खडबडीत प्लास्टिक, मागची अक्षरं आणि कंपनीचा बिल्ला, सगळ्यावर टेप. एका गाडीला नीट टेप लावायला मला पाऊण तास लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोक विचारतात, रंग देताय का? द्या उत्तर, काही नाही, वाचवतोय.

टेप लावण्याची एक युक्ती आहे जी मला फार उपयोगी वाटते. दोन भागांमधली फट असते ना, उदाहरणार्थ बोनेट आणि मडगार्ड यांच्यामधली, तिथे आपण बोनेट पॉलिश करताना मडगार्डची कड टेपने झाकायची. बोनेटचं झालं की टेप उलट बाजूला लावायची आणि मडगार्ड करायचं. म्हणजे जिच्यावर काम चालू नाही ती कड चुकून पॅडखाली येत नाही. मशीनची खालची प्लेट किंवा पॅडची बाजू शेजारच्या पॅनेलला लागून जो डाग पडतो, तोही वाचतो. प्लेटवरून आठवलं, प्लेट पॅडपेक्षा लहानच हवी. दोन्हीचा आकार सारखा असेल तर कोपऱ्यात फोम दबला की प्लास्टिकची कडक कड थेट रंगाला लागते.

फक्त दोन गोष्टी पाळा. नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलवर टेप नको. आणि टेप लावलेली गाडी उन्हात सोडून जेवायला जाऊ नका.

आता मशीन. तुमच्याकडे ड्युअल अ‍ॅक्शन असेल, ज्याला आपण डीए म्हणतो, तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलात. डीएमध्ये पॅड फिरतोही आणि डोलतोही. हे फिरणं मोकळं असतं, गिअरने बांधलेलं नसतं. त्यामुळे पॅडच्या एकाच बाजूवर भार आला की फिरणं बंद पडतं, नुसतं डोलणं उरतं. सपाट भागावर हा दोष आहे, कारण काम होत नाही. कडेवर मात्र हाच गुण. मशीन स्वतःच दम खातं. प्लेटच्या बाजूला मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. रेघ धूसर दिसतेय म्हणजे पॅड फिरतोय, रेघ स्पष्ट दिसली म्हणजे थांबलाय. मग दाब कमी करा किंवा पॅड सपाट करा. वेग वाढवू नका. गिअरने सक्तीने फिरवणारी डीए मशीनंही असतात, ती थांबत नाहीत, त्यामुळे त्यांना कडेवर रोटरीसारखंच वागवा.

रोटरी म्हणजे गॅरेजमध्ये असतं ते, फक्त गोल फिरणारं, बहुतेक वेळा लोकरीच्या पॅडचं. १५०० फेऱ्यांवर पाच इंची पॅडची बाहेरची कड ताशी ३५ किलोमीटरने धावत असते. विचार करा, स्कूटरच्या वेगाने एक फडकं तुमच्या बोनेटच्या कडेला घासतंय. रोटरी वाईट नाही, चांगल्या हातात ती डीएपेक्षा जास्त सुंदर काम करते. पण कडेवर तिचा एक नियम मोडून चालत नाही: पॅड कडेवरून बाहेर धावला पाहिजे, बाहेरून कडेवर चढला नाही पाहिजे. वरून बघितलं तर मशीन घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. बोनेटची कड तुमच्या बाजूला आहे असं धरा. पॅडचा उजवा भाग तुमच्याकडे येत असतो, डावा भाग तुमच्यापासून दूर जात असतो. मग कडेला उजवा भाग टेकवायचा. तिथे पॅड पत्र्यावरून हवेत जातो. डावा टेकवलात तर पॅड हवेतून येऊन कडेवर आपटतो, फोम फाटतो, मशीन हातात उसळतं आणि कडेचा रंग जातो. सुरी दगडावर फिरवताना धारेची दिशा आपण बघतो ना, तसंच काहीसं.

वेग कमी. रोटरी असेल तर कडेला मी हजाराच्या वर जात नाही. दाब म्हणजे मशीनचं स्वतःचं वजन, तेही थोडं उचलून. आणि मुक्काम नाही. कडेच्या बाजूने एक संथ चाल, थांबायचं, हात लावून बघायचं. बोटांच्या मागच्या बाजूने बघा, तिथे उष्णता लवकर कळते. आरामात हात ठेवता येत नसेल तर दुसऱ्या पॅनेलवर जा, दहा मिनिटांनी परत या.

लहान पॅडबद्दल थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण इथे एक गैरसमज आहे. लोक तीन इंची किंवा एक इंची पॅडचं छोटं मशीन घेतात आणि वाटतं, हे खेळण्यासारखं आहे, यानं काय बिघडणार? छोटं मशीन पोहोचतं जास्त, म्हणून ते हवंच. आरशाच्या मागे, खांबावर, नंबरप्लेटच्या वरच्या खोबणीत, डिकीच्या स्पॉयलरखाली, टेललॅम्पच्या मधल्या पट्टीवर मोठं मशीन जातच नाही. पण सगळं काम एका नाण्याएवढ्या जागेत एकवटतं. फोम थोडाच असल्यामुळे तो पटकन तापतो आणि कंपाउंडने पटकन भरतो. मी तीन इंची पॅड कमीत कमी चार ठेवतो आणि सतत बदलतो. भरलेला पॅड कापत नाही, नुसता तापवतो.

आता एक प्रसंग सांगतो, कारण हे सगळं कशासाठी ते त्याशिवाय कळत नाही. माझ्या मामाची गडद निळी सेडान. मामाने आठ वर्षं जपलेली, एकदाही कुठे ठोकलेली नाही, सगळा रंग कंपनीचा. दसऱ्याच्या आधी त्याने ती एका गॅरेजमध्ये 'रबिंग-पॉलिश'साठी दिली. दोन तासांत गाडी तयार. पार्किंगच्या दिव्याखाली आरशासारखी. दसऱ्याला झेंडूचा हार, सगळे खूश. दिवाळीत मी गेलो तेव्हा मामा म्हणाला, "अरे, मागच्या चाकावर बघ रे, काहीतरी पांढरं दिसतंय." कमानीच्या कडेवर, घडीच्या नेमक्या टोकावर, बोटभर लांबीची फिकट रेघ होती. प्रायमर. दुसऱ्या बाजूलाही एक, जरा लहान. गॅरेजवाल्याचं म्हणणं, ते आधीपासूनच असणार, पॉलिशने दिसायला लागलं.

मग ते पॅनेल रंगवावं लागलं. रंग बरा जुळला. पण पुढच्या वर्षी मामाने गाडी विकायला काढली तेव्हा तपासायला आलेल्या माणसाने खिशातून जाडी मोजायचं यंत्र काढलं. बाकी सगळीकडे एकशेवीसच्या आसपास आणि मागच्या मडगार्डवर तीनशेच्या वर. "साहेब, ही साइड लागलेली आहे." मामाने दहा वेळा सांगितलं की अपघात नाही, पॉलिशमध्ये गेलं. कोण ऐकतंय? भाव पडला तो पडलाच. मामाला पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की आठ वर्षं जपलेल्या गाडीला शेवटी 'ठोकलेली' म्हणून शिक्का बसला.

त्या यंत्राबद्दल, कारण बरेच जण ते विकत घ्यायचं म्हणतात. घ्या, चांगलं आहे. पण ते काय सांगतं आणि काय नाही हे माहीत असू द्या. ते पोलादावर चुंबकीय पद्धतीने मोजतं, अ‍ॅल्युमिनियमवर वेगळ्या पद्धतीने, आणि प्लास्टिकवर साधं यंत्र मोजतच नाही. म्हणजे बंपर आणि आरसे आंधळे. ते सगळ्या थरांची एकत्र जाडी देतं, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही. आणि त्याला टेकायला सपाट जागा लागते, त्यामुळे कडेवरचा आकडा विश्वासाचा नसतो. थोडक्यात, जिथे सगळ्यात जास्त धोका आहे तिथेच ते गप्प बसतं. कडेसाठी तुमच्याकडे आकडा नाही, फक्त संयम आहे.

मग कडेवरचे ओरखडे काढायचे कसे? माझं मत थोडं निराश करणारं आहे. बरेचसे काढायचेच नाहीत. सपाट भाग पूर्ण झाला की टेप काढायची. टेपखाली एक निस्तेज पट्टी दिसेल. ती हाताने करायची. मऊ फोमचा तुकडा किंवा मायक्रोफायबर, त्यावर शेवटचं बारीक पॉलिश, कटिंग कंपाउंड नाही, आणि कडेच्या लांबीच्या दिशेने पाच-सहा वेळा. चमक जुळते, खोल ओरखडे राहतात. राहू द्या. उभ्या माणसाच्या नजरेला ते दिसत नाहीत, आणि उद्या पुन्हा कधी पॉलिश करायची वेळ आली तर तिथे रंग शिल्लक असेल.

दाराच्या हँडलखालची ती वाटी हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. नखांचे, अंगठ्यांचे, किल्लीचे चरे, आणि काळ्या गाडीवर तर ते आधी दिसतात. तिथे मशीन घालायची घाई करू नका. वाटी खोलगट आहे, मोठा पॅड तळाला टेकतच नाही, फक्त तिच्या काठाला टेकतो, म्हणजे पुन्हा कडच. आधी हाताने: अंगठी काढा, एक बोट मायक्रोफायबरमध्ये गुंडाळा, वाटाण्याएवढं पॉलिश, आणि पुढे-मागे. गोल नको, वाटीचा काठ सारखा बोटाखाली येतो. हलके चरे यात जातात. नखाला अडकणारा चरा हाताने जाणार नाही, आणि मशीननेही तो काढू नये असंच मी म्हणेन. एक इंची पॅड लांब दांड्यावर असेल तर सगळ्यात कमी वेगावर, दोन-तीन सेकंद, उचला, बघा. काम झाल्यावर त्या वाटीत पारदर्शक संरक्षक फिल्मचा तुकडा चिकटवा. स्वस्तात होतं आणि प्रश्न कायमचा मिटतो.

काही जागा अशा आहेत जिथे मशीन नकोच. दोन दारांमधला चकचकीत काळा खांब बऱ्याच गाड्यांत रंगवलेला नसतो, तिथे फिल्म किंवा नुसतं प्लास्टिक असतं. मॅट रंग, स्टिकर, रॅप, अजिबात नाही. आणि जुन्या गाड्या, म्हणजे कुणाकडे आजोबांची प्रीमियर पद्मिनी असेल, तर तिच्यावर क्लिअर कोट नसण्याचीच शक्यता जास्त. तिथे पॅडवर गाडीचा रंग येणं स्वाभाविक आहे. नव्या गाडीवर पॅडला रंग दिसला तर मात्र त्याच क्षणी मशीन बंद. क्लिअर कोट संपलेला आहे.

बंपरचे कोपरे, आरसे: कमी वेग, छोटा पॅड, एका वेळी दोन चाली. आरसा दुसऱ्या हाताने मागून धरा, नाहीतर तो मशीनबरोबर डोलतो आणि पॅड वाकडा बसतो. वायर खांद्यावरून मागे घ्या. शर्टची बटणं, बेल्टचं बक्कल, घड्याळ, सगळं काढा. दारावर वाकून काम करताना बक्कलने पाडलेला चरा पॉलिश करायला पुन्हा दीड तास जातो.

शेवटी पांढरी भुकटी. कडा आणि फटींमध्ये कंपाउंड वाळून बसतं, अक्षरांभोवती, बिडिंग रबरात, काळ्या प्लास्टिकच्या दाण्यांत. वाळायच्या आत मऊ ब्रशने काढलं तर पाच मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी काढलं तर रविवार गेला. दार, डिकी, बोनेट उघडून आतल्या कडाही पुसा, तिथली भुकटी पहिल्या पावसात ओघळून बाहेर येते.

आणि हे सगळं केल्यावर रोज पहाटे सोसायटीत एकाच बादलीतल्या पाण्याने दहा गाड्या पुसल्या जातात, त्याचं बघा. गाडी पुसणाऱ्या दादांची चूक नाही, त्यांना पाणीच तेवढं मिळतं. मी आमच्या दादांना सांगून ठेवलंय, "दादा, काचा रोज करा, बॉडीला हात लावू नका, रविवारी मी धुतो." पैसे तेवढेच देतो. गोल जाळ्यासारखे ओरखडे त्यामुळे खूपच कमी झाले, आणि मशीन बाहेर काढायची वेळ वर्षातून एकदाही येत नाही.

पुढच्या भागात पिवळे पडलेले हेडलाइट घेऊ. तिथेही वरचा थर असतो, पण तो मुद्दाम पूर्ण काढावा लागतो, आणि त्यानंतर काय लावायचं यावरून भरपूर वाद आहेत. तुमच्या गाडीच्या कडेचे फोटो पाठवायचे असतील तर पाठवा, फक्त दिवसाच्या उजेडात आणि तिरकस कोनातून काढा, समोरून काढलेल्या फोटोत मला काहीच दिसत नाही. भेटूया.